त्या भुललेल्या नाहीत : समतेच्या चळवळीतील सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
स्त्री-पुरुष समतेसाठी काम करणाऱ्या सर्व संघटनांचे पदाधिकारी आणि कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

निवडणुकीच्या निकालानंतर आपल्या समन्वय समितीने काढलेल्या संयुक्त निवेदनाचा मसुदा सह्यांसाठी माझ्याकडे आला. त्याच्या चौथ्या परिच्छेदात असे वाक्य आहे : ‘परंपरावादी पक्षांच्या प्रचाराला भुलून ज्या स्त्रियांनी स्वतःच्याच हिताविरुद्ध मतदान केले, त्यांचे प्रबोधन करणे ही आपली जबाबदारी आहे.’ बाकीच्या निवेदनाबद्दल माझी काही तक्रार नाही. या एका वाक्यापाशी मात्र मी अडले आहे आणि सही केलेली नाही. बैठकीत कारणे सांगायला घेतली, तेव्हा सभागृह रिकामे करून द्यायची वेळ झाली होती. म्हणून ती येथे लिहीत आहे.

‘भुलून’ या शब्दाला मोठा इतिहास आहे आणि तो आपल्याला फारसा भूषणावह नाही. स्त्रियांना मताचा हक्क नाकारण्यासाठी जी कारणे दिली गेली, त्यांत हे सर्वांत सभ्य दिसणारे कारण होते, आणि ते देणाऱ्यांत आपल्या बाजूची माणसे पुष्कळ होती. १९३१ साली स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले, तेव्हा तेथील स्त्रिया निवडून येऊ शकत होत्या, पण मत देऊ शकत नव्हत्या. घटना घडवणाऱ्या सभागृहात क्लारा कांपोआमोर आणि व्हिक्टोरिया केंट या दोन वकील स्त्रिया होत्या. केंट स्वतः डाव्या विचारांच्या होत्या, तरी त्यांनी असे मांडले की बहुसंख्य स्त्रिया धर्मगुरूंच्या प्रभावाखाली असल्यामुळे त्या प्रजासत्ताकाच्या विरोधात मत देतील, सबब मताधिकार तूर्त पुढे ढकलावा. कांपोआमोर यांनी हे साफ नाकारले. १ ऑक्टोबर १९३१ रोजी १६१ विरुद्ध १२१ मतांनी मताधिकार मंजूर झाला. पुढे १९३३ च्या निवडणुकीत उजवे पक्ष जिंकले, या दोघींच्याही जागा गेल्या, आणि पराभवाचे खापर स्त्रियांवर व त्यांना मत मिळवून देणाऱ्या कांपोआमोर यांच्यावर फुटले. डावे पक्ष तेव्हा आपसांत फुटून लढले होते, हे सोयीस्करपणे विसरले गेले. १९३६ मध्ये स्त्रिया मतदान करीतच होत्या आणि डाव्यांची आघाडी जिंकली. खापर फोडणाऱ्यांचा हिशेब तेथे चुकला.

फ्रान्सची कथा याहून लाजिरवाणी आहे. कनिष्ठ सभागृहाने १९१९ मध्ये मंजूर केलेला स्त्री-मताधिकार वरिष्ठ सभागृहाने १९२२ मध्ये फेटाळला. स्त्रियांना मत म्हणजे चर्चला मत, ही पुरोगामी म्हणवणाऱ्या पुरुषांची धास्ती त्यामागे होती. फ्रेंच स्त्रियांना हा हक्क मिळायला १९४४ साल उजाडावे लागले. आपल्या मसुद्यातील वाक्य त्या सभागृहात कोणी वाचून दाखवले असते, तर त्याला बाके वाजवून दाद मिळाली असती, असे मला वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पुरुषांच्या हाती सूत्रे असलेल्या राजकारणाला पाठिंबा देणाऱ्या बहुतेक स्त्रिया एक सौदा करीत असतात. त्यात त्या काय देतात आणि त्यांना काय मिळते, याची त्यांना आपल्यापेक्षा चांगली कल्पना असते. सौदा वाईट असू शकतो, फसवाही असू शकतो. पण समोरची बाई हिशेब करते आहे, हे मान्य केल्याशिवाय तिच्याशी बोलताच येणार नाही.

‘पितृसत्तेशी सौदा’ ही कल्पना माझी नाही. डेनिझ कांदियोती या तुर्की अभ्यासिकेने १९८८ साली ती एका निबंधात मांडली. तिचे एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. जुन्या एकत्र कुटुंबात सून म्हणून आलेली मुलगी वर्षानुवर्षे सासूचा जाच सोसते, कारण उद्या तिच्याही हाताखाली सून येणार असते. सोसणे ही तिची गुंतवणूक असते. अशा वेळी व्यवस्था मोडू लागली की सर्वांत आधी कोण बिथरते? जिचे हप्ते भरून झाले आहेत आणि परतावा मिळायची वेळ जवळ आली आहे, ती. तरुण मुलींना नव्या व्यवस्थेत काही तरी मिळेल. हिचे मात्र जुने बुडाले आणि नवे मिळाले नाही. ती जुन्या नियमांच्या बाजूने तावातावाने उभी राहते, तेव्हा तिला आपण प्रतिगामी म्हणतो. ती आपली बुडणारी ठेव वाचवू पाहत असते.

हाच हिशेब एका मोठ्या देशात राज्यघटनेच्या दुरुस्तीपर्यंत कसा पोचला, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती मार्च १९७२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, मंजूर केली आणि वर्षभरात तीस राज्यांनी तिला मान्यता दिली. हवी होती अडतीस. मग तिच्या विरोधात फिलिस श्लाफ्ली उभ्या राहिल्या. सहा मुलांच्या आई, संसदेची निवडणूक दोनदा लढवून हरलेल्या, राजकारणात मुरलेल्या बाई. भाषणाच्या आरंभी त्या ‘येथे येऊ दिल्याबद्दल’ पतीचे आभार मानीत, कारण हे वाक्य स्त्रीवाद्यांना झोंबते हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्या कार्यकर्त्या घरी भाजलेला पाव आणि घरचा मुरंबा घेऊन आमदारांना भेटत. आपण या गोष्टी हसून सांगतो. पण त्या चळवळीच्या नावातच ‘आमच्या सवलती हिरावून घेणे थांबवा’ ही मागणी होती, आणि त्या सवलती काल्पनिक नव्हत्या : पतीने पत्नीला पोसण्याचे कायदेशीर बंधन आणि सक्तीच्या लष्करभरतीतून सूट. वीस वर्षे घर सांभाळलेल्या, हाताशी पगार नसलेल्या बाईच्या दृष्टीने पोटगीची शाश्वती ही चैनीची बाब नव्हती. त्याच सुमारास दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारे कायदे येऊ लागले होते. त्यांतला पहिला कॅलिफोर्नियाचा, १९६९ चा. त्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन होते, म्हणजे परंपरावाद्यांचेच पुढचे लाडके नेते. (हा तपशील त्या बायकांच्या सभांत फारसा उगाळला जात नसावा.) नवरा आता सहज सोडून जाऊ शकतो, हे दिसत असताना ‘तुम्हीही सर्व बाबतींत समान आहात’ हे वाक्य त्या गृहिणीच्या कानाला ‘आता तुमचे तुम्ही बघा’ असे ऐकू आले, तर त्यात तिच्या बुद्धीचा दोष नव्हता. ३० जून १९८२ ला वाढीव मुदतही संपली, तेव्हा मान्यता पस्तीस राज्यांवर अडकून पडली होती.

त्या गृहिणींना भीती होती. ब्रिटनमधल्या गृहिणी चिडलेल्या होत्या. दुसरे महायुद्ध संपल्यावर तेथे मजूर पक्षाचे सरकार आले, त्याने आरोग्यसेवेपासून खाणींच्या राष्ट्रीयीकरणापर्यंत मोठी कामे केली. पण युद्धातही ज्यावर रेशन नव्हते त्या पावावर १९४६ मध्ये रेशन लागले. रांगेत उभे राहायचे कोणी? सरकारची भाषा खाणकामगाराची होती, कारखान्याची होती, वेतनाची होती. रांगेतल्या बाईचे श्रम त्या भाषेत बसत नव्हते. हुजूर पक्ष तिच्याशी बोलला. त्याला तिच्या स्वातंत्र्याचा पुळका आला होता असे नाही. तिचे मत हवे होते आणि ते कशाने मिळेल ते त्याने नीट हेरले. १९५१ मध्ये तो पक्ष सत्तेवर आला, १९५४ मध्ये रेशन पूर्ण संपले, आणि पुढची कित्येक वर्षे ब्रिटनमध्ये पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांचा कल त्या पक्षाकडे अधिक राहिला. त्या भुलल्या होत्या, असे म्हणण्यापेक्षा त्यांच्या रांगेकडे एका पक्षाचे लक्ष गेले आणि दुसऱ्याचे गेले नाही, असे म्हणणे जास्त खरे आहे.

आता घरचे सांगते. माझी थोरली बहीण अकरा वर्षे अशाच एका पक्षाच्या महिला आघाडीचे काम करते. आम्ही या विषयावर इतक्या वेळा भांडलो आहोत की आता भांडणाचे क्रमांक ठरले आहेत. तिच्याकडे रेघा आखलेली एक जाड वही आहे. ती एकदा तिच्या नकळत चाळली, त्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे. तीत प्रत्येक सदस्येचे नाव, रक्तगट, घरी अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का, मुलीची परीक्षा कधी, नवऱ्याची नोकरी सुटली असल्यास केव्हापासून, आणि शेवटच्या रकान्यात ‘कोण गेले होते’ व तारीख. आपल्या संघटनेची सदस्य-नोंदवही मी सहा वर्षे सांभाळली. तीत नाव, पत्ता आणि वर्गणी होती.

ज्या बाईला तीस वर्षांत घरात कोणी ‘तुझे मत काय’ असे विचारले नाही, ती तेथे ध्वनिक्षेपकासमोर उभी राहते, आणि समोरच्या दोनशे बायका तिचे बोलणे लिहून घेतात. ती काय बोलते, तर घर हेच स्त्रीचे खरे क्षेत्र. हे सांगण्यासाठी ती आठवड्यातले पाच दिवस घराबाहेर असते. आपण या विसंगतीवर हसतो, पण तिच्या दृष्टीने त्यात विसंगती नाही : धर्माचे, घराण्याचे, राष्ट्राचे काम म्हटले की घरचे अडवत नाहीत, उलट कौतुक करतात. आपल्या मोर्चाला यायचे तर तिला घरात भांडावे लागले असते. त्या पक्षाने तिला उंबरठा ओलांडायचा परवाना मिळवून दिला, आणि तोही घरात वादळ न उठवता. त्या परवान्यावर ‘परत घरातच जा’ असे छापलेले आहे, ही गोष्ट निराळी.

या वेळी उमेदवारी माझ्या बहिणीला मिळेल असे सगळे म्हणत होते. मिळाली नेत्याच्या पुतण्याला. सभेच्या दिवशी मी तिला त्यावरून टोचले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘तुला काय वाटतं, मला दिसत नाही? तिकीट पुतण्याला आणि खुर्च्या मांडायला मी. पण हे गेले त्या रात्री तासाभरात सात जणी घरात होत्या. तुमचा शोकसंदेश तिसऱ्या दिवशी आला, आणि त्यात माझं नाव चुकलं होतं.’’ या भांडणाला अजून क्रमांक नाही, कारण मला उत्तर सुचलेले नाही.

याचा अर्थ तो सौदा चांगला आहे असा नाही. तो एकतर्फी मोडता येतो, हीच त्याची खोट आहे, आणि मोडणारा हात नेहमी दुसऱ्या बाजूचा असतो. ब्रिटनमध्ये १९०८ साली मताधिकाराच्या विरोधात स्त्रियांनी स्वतःची संघटना काढली. तिच्या धुरिणांत कादंबरीकार मेरी वॉर्ड होत्या, ज्यांनी ऑक्सफर्डमध्ये स्त्रियांचे महाविद्यालय उभे राहावे म्हणून आधी खटपट केली होती. १९१० मध्ये ही संघटना पुरुषांच्या संघटनेत विलीन झाली आणि अध्यक्षपद लॉर्ड क्रोमर यांच्याकडे गेले. त्यांच्यानंतर ते लॉर्ड कर्झन यांच्याकडे आले, बंगालच्या फाळणीमुळे आपल्या माहितीचे तेच कर्झन. जानेवारी १९१८ मध्ये मताधिकाराचे विधेयक उमरावांच्या सभागृहात आले, तेव्हा याच अध्यक्षांनी उठून सांगितले की कनिष्ठ सभागृहाशी संघर्ष ओढवून घेऊ नये, आणि स्वतः तटस्थ राहिले. विधेयक मंजूर झाले. दहा वर्षे राबलेल्या मेरी वॉर्ड यांना हा विश्वासघात वाटला, आणि तो होताच. आपल्याला त्यातून हवे ते मिळाले ही आनंदाची गोष्ट, पण त्या बाईंच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे.

इराणचे उदाहरण याहून अधिक खोल जाते. १९७९ च्या क्रांतीत पदर आवळून रस्त्यावर उतरलेल्या असंख्य स्त्रिया होत्या. क्रांतीनंतर काही दिवसांतच, विवाह आणि घटस्फोटाच्या बाबतीत स्त्रियांना काही संरक्षण देणारा १९६७ चा कुटुंबविषयक कायदा बाजूला सारला गेला. सक्तीच्या हिजाबाविरुद्ध ८ मार्चलाच मोर्चे निघाले. पण दुसरी बाजूही खरी आहे : धार्मिक कुटुंबांना आता बाहेरचे जग ‘सुरक्षित’ वाटू लागले आणि ज्या मुलींना शाहच्या राजवटीत बापाने शाळेबाहेर ठेवले असते, त्या विद्यापीठात पोचल्या. सौद्यात मिळकत होती. मग आझम तालेगानी यांच्याकडे पाहा. एका मोठ्या आयातुल्लांची मुलगी, क्रांतीची पुरस्कर्ती, पहिल्या संसदेची सदस्या. राष्ट्राध्यक्ष ‘रिजाल’मधून निवडावा असे इराणच्या घटनेत म्हटले आहे. या अरबी शब्दाचा साधा अर्थ पुरुष. तालेगानी यांचे म्हणणे असे की येथे त्याचा अर्थ प्रतिष्ठित व्यक्ती असा घ्यावा. १९९७ मध्ये त्यांनी उमेदवारी दाखल केली, ती उमेदवारांची छाननी करणाऱ्या पालक मंडळाने फेटाळली. त्या पुन्हा पुन्हा अर्ज भरीत राहिल्या. २०१७ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावरही, त्या नोंदणीला गेल्या. एका शब्दाच्या अर्थासाठी वीस वर्षे. ही बाई भुललेली होती, असे म्हणण्याची माझी तरी छाती नाही.

सहकाऱ्यांनो, आपल्या वाक्यावर माझा आणखी एक आक्षेप आहे आणि तो सहानुभूतीतून आलेला नाही. ‘भुलून’ म्हटले की जबाबदारीही संपते. सगळ्याच स्त्रिया असुरक्षिततेपोटी त्या बाजूला जातात असे नाही. काहींना आपला वर्ग, वंश किंवा जात टिकवायची असते आणि त्यासाठी घरात थोडे खाली बसायची तयारी असते, कारण घराबाहेर वर बसायला मिळते. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीबद्दल प्यू संशोधन केंद्राने मतदान केल्याची नोंद पडताळून केलेल्या पाहणीत गोऱ्या स्त्रियांपैकी ४७ टक्क्यांनी ट्रम्प यांना आणि ४५ टक्क्यांनी हिलरी क्लिंटन यांना मत दिल्याचे आढळले. कृष्णवर्णीय स्त्रियांची मते मात्र जवळजवळ सगळी क्लिंटन यांना गेली. दोन्हीकडे स्त्रियाच होत्या, उमेदवारांपैकी एक स्त्री होती, आणि तरीही ‘स्त्री म्हणून हित’ ही एकच वस्तू अस्तित्वात असल्यासारखे आपण बोलत राहतो. ज्या बाईने दुसऱ्या घरातल्या मुलीचे स्वातंत्र्य आवळणाऱ्या कायद्यासाठी दारोदार प्रचार केला, तिला त्याचा जाब विचारायला हवा. तिला अजाण ठरवून आपण तिचा अपमान करतो आणि तिला मोकळेही सोडतो. माझ्या बहिणीशी मी भांडते ते ती हुशार आहे म्हणून.

आणि सौदा तोडायला सांगताना बदल्यात आपण काय ठेवतो, हेही पाहावे. आपल्या घोषणा नोकरी करणाऱ्या, तरुण, निरोगी आणि पाठीशी कोणी तरी असलेल्या बाईच्या मापाने शिवलेल्या आहेत. पन्नाशीतल्या, पगार नसलेल्या, सासू-सासऱ्यांचे करणाऱ्या बाईला आपण ‘बाहेर पड’ म्हणतो. बाहेर पडून रात्री कोठे झोपायचे, हे विचारले की पत्रक देतो. घरातल्या कामाचे मोल व्हावे, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात अठराव्या क्रमांकावर आहे. समोरच्या पक्षाच्या भाषणात तीच गोष्ट पहिल्या वाक्यात येते. तेथे तिला मोबदला मिळत नाही, नुसते कौतुक मिळते, हे मला ठाऊक आहे. पण ज्या कामाकडे आयुष्यभर कोणी वळून पाहिले नाही, त्याचे नुसते कौतुक किती वजनदार लागते, हे ज्यांच्या वाट्याला ते काम आले नाही त्यांना सांगून कळणार नाही. घरातल्या पुरुषांपुढे आपण समतेचे नियम ठेवतो आणि स्वतःची घरकामातून सुटका मात्र दुसऱ्या बाईला राबवून मिळवतो, हे तिच्या नजरेतून सुटत नाही. बहिणीशी होणारे भांडण क्रमांक चार हेच आहे.

म्हणून माझी विनंती अशी. चौथ्या परिच्छेदातील ते वाक्य वगळावे. त्या जागी दुसरे वाक्य घालायचा आग्रह नाही. परिच्छेद त्याविनाही पुरा वाटतो. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा मालमत्तेतील आणि निवृत्तिवेतनातील वाटा ही मागणी अठरावरून वर आणावी, आणि पुढच्या बैठकीत सदस्य-नोंदवहीला चौथा रकाना जोडायचा का, हा विषय घ्यावा. एवढे झाल्यास मी त्याच दिवशी सही करीन.

मसुद्याची माझ्याकडील प्रत बहिणीने वाचायला मागितली, म्हणून तिला दिली. तिने चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, ‘प्रबोधन’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली, दुसऱ्या पानावरील शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि काही न बोलता परत दिली. ती प्रत सोबत जोडली आहे. चुका दोन्ही खऱ्या आहेत. छपाईआधी बघून घ्याव्यात.

आपली,
एक जुनी सहकारी